सहापैकी दोन बोर्डांचा आवाज कमी का येतो?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावातून आलेल्या पत्राचा हा सारांश आहे. पत्रलेखक 46 वर्षांचे असून त्यांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान वीस वर्षांपासून चालू आहे. टीव्हीची कामे कमी झाल्यापासून ते भजनी मंडळांना ॲम्प्लिफायर बांधून देतात. यंदा चतुर्थीपूर्वी त्यांना सहा सेट द्यायचे आहेत. सहाही सेटमध्ये टीडीए 7294 या ॲम्प्लिफायरच्या आयसीचा (चिपचा) एकाच छापाचा बोर्ड, 25-0-25 चा ट्रान्सफॉर्मर आणि 8 ओहमचा स्पीकर आहे. पहिले तीन बोर्ड त्यांनी मे महिन्यात स्वतः भरले. पुढचे तीन जुलैमध्ये त्यांच्या भाच्याने भरले. भाचा वर्षभरापासून त्यांच्या हाताखाली काम शिकत आहे. मोबाइलवरचे गाणे छोट्या मिक्सरमधून दिले, घुंडी मध्यावर ठेवली आणि गाण्याच्या एकाच ओळीला स्पीकरच्या टोकांवर मीटर लावला, तर चार बोर्डांवर 8 व्होल्टच्या आसपास, पाचव्यावर साडेपाच आणि सहाव्यावर जेमतेम 4 व्होल्ट दिसतात. त्यांनी या दोन बोर्डांचे सगळे सोल्डर पुन्हा मारले, आयसीही बदलल्या, तरी आकडे हलले नाहीत. गेल्या वर्षी एका डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या समोरासमोरच्या सामन्यात, एका बुवांनी ‘आमच्या बाजूचो आवाज दाबलो’ अशी तक्रार चारचौघांत केली होती, ती त्यांच्या मनातून गेलेली नाही. ते विचारतात की मुंबईहून आणलेले पार्ट डुप्लिकेट असतील का, भाच्याच्या हाताला अजून सफाई नाही म्हणून त्याला या कामावरून दूर करावे का, की दोन बोर्डांचा फीडबॅकचा रेझिस्टर बदलून गेन (सिग्नल जितक्या पटीने मोठा होतो तो आकडा) वाढवावा आणि विषय संपवावा?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आकडे लिहून पाठवलेत, यामुळे माझे निम्मे काम झाले. बहुतेक पत्रांत ‘आवाज कमी येतो’ एवढेच असते आणि त्यावरून काही सांगणे म्हणजे अंधारात खडा मारणे असते. तुमच्या आकड्यांवर आपण थोडा वेळ थांबू, कारण डुप्लिकेट पार्ट आणि कच्चे सोल्डर या तुमच्या दोन्ही संशयांना ते आकडेच दुजोरा देत नाहीत.

तुमच्या बोर्डाचा गेन दोन रेझिस्टर ठरवतात. आउटपुटकडून परत येणारा 22 किलोओहमचा आणि त्याच्यापुढे ग्राउंडकडे जाणारा 680 ओहमचा. 22,000 ला 680 ने भागून त्यात 1 मिळवला की 33 च्या वर थोडा गेन येतो, म्हणजे सुमारे 30 डेसिबल. (डेसिबल हे पातळीतला फरक सांगायचे एकक; 6 डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट किंवा निम्मे.) आता सोनेरी पट्टीचे, 5 टक्के फरकाचे साधे कार्बन रेझिस्टर घेतले आणि दुर्दैवाने एक पूर्ण पाच टक्के वर, दुसरा पूर्ण पाच टक्के खाली निघाला, तरी गेन फार तर 36.8 किंवा 30.3 होईल. डेसिबलमध्ये हा फरक एका बाजूला 0.9 देखील भरत नाही. म्हणजे पार्टच्या सर्वसाधारण फरकामुळे तुमचे 8 व्होल्ट 7.3 होतील किंवा 8.8 होतील, ते 4 कधीच होणार नाहीत. सहाव्या बोर्डात 6 डेसिबलची तूट आहे. थोडीथोडी झीज साचून इतकी तूट होत नाही, तिथे एखादी ठोस गोष्ट चुकीची असावी लागते. आयसीचे म्हणाल, तर फीडबॅक असलेल्या सर्किटमध्ये आयसी जिवंत असेपर्यंत गेन बाहेरच्या रेझिस्टरांच्या हातात असतो. डुप्लिकेट आयसी लवकर गरम होईल, आवाज लवकर फाडेल, एखाद्या दिवशी जळेल. पण घुंडीच्या मध्यावर शांतपणे नेमका निम्मा आवाज देत बसणे हा तिचा स्वभाव नाही. तुम्ही ती बदलून पाहिली आणि आकडा हलला नाही, हे याच्याशी जुळते. सोल्डरचेही तसेच आहे. कच्चे सोल्डर खरखरते, बोर्डावर टिचकी मारली की आवाज येतो-जातो, गरम झाल्यावर वागणूक बदलते. रोज तोच आकडा देणारा दोष कच्च्या सोल्डरचा असण्याची शक्यता मला फार कमी वाटते.

तरीही बोर्ड खोलण्याआधी तुमच्या मोजण्याच्या रीतीविषयी बोलणे भाग आहे. गाण्याची एकच ओळ धरण्याची युक्ती हुशारीची आहे, पण साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो आणि त्या क्षणी पखवाजाची थाप पडली की गायकाने श्वास घेतला, यावर आकडा ठरतो. गाण्याऐवजी मोबाइलवर टोन जनरेटरचे एखादे मोफत ॲप घ्या आणि 200 हर्ट्झचा अखंड सूर लावा. 1000 हर्ट्झ मुद्दाम सांगत नाही, कारण साध्या मीटरचे एसी माप घरच्या 50 हर्ट्झच्या विजेसाठी बसवलेले असते आणि काहीशे हर्ट्झच्या वर त्याचा भरवसा कमी होत जातो. स्पीकरच्या जागी 8.2 ओहम, 10 वॉटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर लावा. तो कुठेही मिळतो आणि शेजारचे दुकानदार तुम्हाला दुवा देतील. मिक्सर असा ठेवा की पहिल्या बोर्डावर 5 व्होल्ट मिळतील. हे सुमारे 3 वॉट होतात, रेझिस्टर फारसा तापत नाही आणि बोर्ड क्लिपिंगपासून, म्हणजे आवाज फाटण्यापासून, पुष्कळ लांब राहतो. मोबाइल विमानाच्या मोडवर टाका. मी स्वतः एकदा पाऊण दिवस दोन चॅनेलमधला फरक शोधत बसलो होतो आणि शेवटी कळले की मधल्या काळात फोन येऊन गेल्यावर मोबाइलचा आवाज एक पायरी उतरला होता.

आता घुंडीकडे या, कारण पाचव्या बोर्डाविषयीचा माझा मुख्य संशय तिथेच आहे. ‘घुंडी मध्यावर’ म्हणजे सर्व बोर्डांना सारखाच सिग्नल, असे तुम्ही गृहीत धरले आहे. व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे घुंडीने फिरणाऱ्या रेझिस्टरवर, किलोओहमच्या आकड्यापुढे किंवा मागे ए किंवा बी हे इंग्रजी अक्षर असते. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक पॉटांमध्ये बी म्हणजे सरळ वाढणारा, ज्याच्या मध्यावर निम्मा सिग्नल मिळतो, आणि ए म्हणजे कानाच्या सोयीने वाढणारा, ज्याच्या मध्यावर साधारण 15 टक्केच सिग्नल पुढे जातो. शिवाय ए प्रकारातही मध्यावर 10 टक्के देणारे आणि 15 टक्के देणारे असे वेगवेगळे पॉट असतात, आणि ते शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. चार पॉट एका पाकिटातले आणि पाचवा दुसऱ्या पाकिटातला असेल, तर मध्यावर त्याच्याकडून सिग्नल दोन-तृतीयांशच येईल, आणि 8 चे दोन-तृतीयांश म्हणजे साडेपाचच्या अगदी जवळ. योगायोगही असू शकेल, पण याची खात्री करायला दोन मिनिटे लागतात. मिक्सर अगदी खाली आणा, सर्व बोर्डांच्या घुंड्या उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा, आणि मग मिक्सर हळूहळू चढवत पहिल्या बोर्डावर 5 व्होल्ट आणा. घुंडी पूर्ण उघडी असताना ए, बी, दहा टक्के, पंधरा टक्के हे सगळे भेद मिटतात आणि आलेला सिग्नल जसाच्या तसा बोर्डात जातो. या अवस्थेत पाचवा बोर्डही 5 व्होल्ट देऊ लागला, तर त्याचा बोर्ड निर्दोष आहे आणि पंधरा-वीस रुपयांचा पॉट बदलणे एवढेच काम शिल्लक आहे.

सहावा बोर्ड मात्र घुंडी पूर्ण उघडूनही निम्म्यावरच राहील, असा माझा अंदाज आहे. तसे झाले तर वीज बंद करा, फिल्टरचे कपॅसिटर रिकामे होऊ द्या आणि आयसीच्या 14 क्रमांकाच्या पायापासून, म्हणजे आउटपुटपासून, 2 क्रमांकाच्या पायाकडे जाणारा रेझिस्टर मोजा. तिथे 22 किलोओहम असायला हवा. तुमच्या बोर्डाचा छाप आयसीच्या माहितीपत्रकातील नकाशाप्रमाणे असेल, तर म्यूटच्या, म्हणजे आवाज बंद ठेवणाऱ्या, पायाला 10 किलोओहमचा एक रेझिस्टर आहे. हे दोन एकमेकांच्या जागी बसले, तर गेन 10,000 भागिले 680 अधिक 1, म्हणजे 15.7 होतो. 33.4 च्या जागी 15.7 आले की 8 व्होल्टचे 3.8 होतात. तुमचा ‘जेमतेम 4’ इथे बरोबर बसतो. म्यूटच्या बाजूला 10 ऐवजी 22 किलोओहम आल्याने तिथे काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही. फक्त चालू केल्यावर आवाज यायला किंचित उशीर होतो, आणि तो कोणाच्या लक्षात येणार? पाच पट्ट्यांच्या मेटल फिल्म रेझिस्टरमध्ये 22 किलोओहम म्हणजे लाल, लाल, काळा, लाल, तपकिरी, आणि 10 किलोओहम म्हणजे तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. निळ्या अंगावरचे लाल आणि तपकिरी रंग जुलैच्या ढगाळ दुपारी, एका एलईडी दिव्याखाली, तुमच्या-माझ्या वयाच्या डोळ्यांनाही सहज फसवतात. पुन्हा सोल्डर मारल्याने आणि आयसी बदलल्याने ही चूक सुधारत नाही, हेही ध्यानात घ्या. तुम्ही मेहनत करून जे दोन उपाय केले, ते नेमके या दोषाला स्पर्श न करणारे होते.

ही चूक आढळली तर ती केवळ आवाजासाठी नव्हे, तर आयसीच्या प्रकृतीसाठीही तातडीने सुधारावी लागेल. या आयसीचा गेन फार खाली आणला तर ती स्थिर राहत नाही, आणि 15.7 म्हणजे 24 डेसिबलच्या आसपास तुम्ही तिच्या मर्यादेच्या काठावर पोचता. मग ती कानाला ऐकू न येणाऱ्या उंच वारंवारतेवर स्वतःच थरथरू लागते आणि सिग्नल नसतानाही हीटसिंक तापते. सहावा बोर्ड बाकीच्यांपेक्षा गरम राहतो का, हे तुम्ही लिहिलेले नाही. हात लावून पाहा. मात्र या आयसीची मागची धातूची पट्टी आतून ऋण सप्लायला जोडलेली असते, म्हणून ती आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रक किंवा सिलिकॉनचा तुकडा नसेल, तर हीटसिंक उणे 34 व्होल्टवर असते. हात लावण्याआधी मीटर लावा.

याच कारणासाठी तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर नकाराचे आहे. आवाज कमी म्हणून 680 च्या जागी 330 लावून गेन वाढवला आणि आकडा 8 वर आणला, तर दोन शक्यता आहेत. दोष पॉटचा असेल, तर घुंडीच्या त्या एका खुणेवर सगळे सारखे दिसेल आणि बुवांनी घुंडी वर-खाली केली की फरक पुन्हा उघडा पडेल. पूर्ण उघडल्यावर तर हाच बोर्ड बाकीच्यांपेक्षा मोठा होईल. दोष चुकीच्या रेझिस्टरचा असेल, तर एका चुकीवर दुसरी चूक चढवून बोर्ड बरा झाल्यासारखा वाटेल, आणि दोन वर्षांनी तो दुरुस्तीला आला की तुम्हाला स्वतःचीच कारागिरी उलगडणार नाही. सहा सेट एकमेकांच्या जागी चालले पाहिजेत, ही तुमची खरी गरज आहे. तेव्हा सहांचे नकाशे एकच राहिले पाहिजेत.

वीजदाबाविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे की जुलैत संध्याकाळी तुमच्याकडे 190 व्होल्टच येतात, म्हणून कदाचित नंतरचे बोर्ड कमी दाखवत असतील. हा समज मला इतक्या वेळा भेटतो की त्यावर चार वाक्ये खर्च करतो. ॲम्प्लिफायरच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत: आत आलेला सिग्नल किती पट होतो, आणि जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकतो. पहिली गोष्ट रेझिस्टर ठरवतात, दुसरी सप्लाय ठरवतो. 25 व्होल्टच्या वाइंडिंगमधून डायोड-कपॅसिटरनंतर 34 व्होल्टच्या आसपास मिळतात. लाइन 230 वरून 190 वर आली की ते 28 होतात. त्यामुळे आवाज फाटण्याची वेळ सुमारे पावणेदोन डेसिबल आधी येते, पण 4 किंवा 8 व्होल्टच्या सौम्य पातळीवर तुमच्या मीटरला काडीचाही फरक दिसायला नको. म्हणून गेनची तुलना नेहमी लहान पातळीवर करा आणि कमाल ताकदीची तपासणी वेगळी, दणकट लोड लावून, सप्लायवर मीटर ठेवून करा. एक सावधगिरी: नवा बोर्ड पहिल्यांदा सिरीज बोर्डवर, म्हणजे बल्ब मधे घालून, चालू करण्याची सवय उत्तम आहे, पण कमाल ताकद मोजताना तो बल्ब काढायला विसरलात तर चांगला बोर्डही नादार ठरेल.

पावसाळी हवेलाही आपण कोकणात फार लवकर गुन्हेगार ठरवतो. खारी हवा सॉकेट कळंकवते, पॉटचा सरकता संपर्क खराब करते, बोर्डावर राहिलेल्या फ्लक्समध्ये ओल धरते, हे सर्व खरे आहे. पण त्याची लक्षणे खरखर, घरघर आणि लहरीपणा ही असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड घासून, वाळवून ठेवा आणि पार्टांचा डबा सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद ठेवा, एवढे पुरेसे आहे.

पुढच्या वेळी असा प्रश्न आला तर सोल्डरिंग लोखंड तापवण्याआधी अदलाबदल करून पाहा. सहावा बोर्ड पहिल्याच्या पेटीत, पहिल्याच्या पॉटवर, पहिल्याच्या सप्लायवर आणि त्याच वायरने चालवा. दोष बोर्डाबरोबर गेला, तर बोर्ड पाहायचा. जागेवरच राहिला, तर बोर्डाला हातही लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त कंटाळवाणी आहे खरी, पण तुम्ही सोल्डर आणि आयसी एकाच बैठकीत बदललेत. आकडा हलला असता, तरी श्रेय कोणाचे हे कळले नसते. दोन बोर्डांची तुलना करण्याची माझी आवडती रीत अशी आहे: दोन्हींना एकाच मिक्सरमधून तोच सूर द्या, दोन्हींचे लोड, म्हणजे स्पीकरच्या जागचे 8.2 ओहमचे रेझिस्टर, जोडा, आणि मीटरची एक पिन पहिल्याच्या आउटपुटवर, दुसरी दुसऱ्याच्या आउटपुटवर ठेवा. ग्राउंड इनपुटच्या वायरीतून आधीच जोडलेले असते. गेन सारखा असेल तर मीटर शून्याजवळ बसतो, नसेल तर दोघांमधला फरकच वाचायला मिळतो. यात मीटर महागडा असण्याची गरज पडत नाही. ज्या छोट्या पिवळ्या मीटरवर एसीची सर्वांत खालची रेंज 200 व्होल्टची असते, त्यावर इनपुटचे 150 मिलिव्होल्ट मोजण्याचा प्रयत्न करू नका. तो आकडा निव्वळ कल्पना असतो.

जे वाचक अलीकडचे तयार क्लास-डी, म्हणजे आउटपुट वेगाने चालू-बंद करत चालणारे, बोर्ड वापरतात, त्यांनी ही रीत जशीच्या तशी उचलू नये. टीपीए 3116 सारख्या आयसीमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो आणि एकही टोक ग्राउंड नसते. एका टोकापासून ग्राउंडपर्यंत मोजले तर निम्माच आकडा मिळतो आणि अकारण बोर्ड बदनाम होतो. आणि ऑसिलोस्कोपची ग्राउंड चिमटी त्यातल्या एका टोकाला लावली तर बोर्ड कायमचा शांत होण्याची भीती असते. शिवाय या आउटपुटवर शेकडो किलोहर्ट्झचे अवशेष असतात, ते मीटरला भरकटवतात. 1 किलोओहम आणि 10 नॅनोफॅरडची साधी चाळणी मीटरच्या आधी घातली की आकडा स्थिरावतो. या आयसीचा गेन 20, 26, 32 किंवा 36 डेसिबल असा पायऱ्यांनी ठरवता येतो आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन बोर्डांवर तो वेगळा असू शकतो. गेन जितका जास्त, तितका तिचा इनपुट पॉटवर भार टाकतो: 20 डेसिबलला तो 60 किलोओहम असतो, 36 डेसिबलला अवघा 9. पॉट 50 किलोओहमचा असेल तर घुंडीच्या मध्यावर सिग्नल त्या 9 किलोओहमपुढे दबतो आणि शेवटाला मात्र उसळतो. अशा बोर्डांच्या आधी 10 किलोओहमचा पॉट बरा.

आता त्या डबलबारीविषयी. दोन बुवा समोरासमोर उभे असतात, दोन्ही बाजूंचे श्रोते कान टवकारून बसलेले असतात आणि एका बाजूचा आवाज उणा वाटणे ही तिथे लहान गोष्ट नसते, हे मी जाणतो. पण त्या तक्रारीचा धागा थेट बोर्डापर्यंत नेण्याआधी वाटेत काय काय आहे ते पाहा. माइक तोंडापासून चार बोटांवर होता तो आठ बोटांवर गेला की आवाज तब्बल 6 डेसिबलने उतरतो. तुमच्या सहाव्या बोर्डाची अख्खी तूट एवढ्या हालचालीत भरते. एका बाजूचा स्पीकर दुसऱ्यापेक्षा 3 डेसिबलने कमी संवेदनशील असेल, तर त्याला बरोबरीला आणण्यासाठी दुप्पट वॉट लागतात. मंडपाच्या टोकाला 30 मीटरवर स्पीकर टांगला आणि 1 चौरस मिलिमीटरची वायर वापरली, तर जाऊन-येऊन 60 मीटर तांब्याचा रोध जवळजवळ 1 ओहम होतो. 8 ओहमच्या स्पीकरला यात 1 डेसिबलचे नुकसान, पण 4 ओहमच्या स्पीकरला 2 डेसिबलचे. बोर्ड अगदी जुळे निघाले तरी ही तक्रार पुन्हा येऊ शकते, म्हणून सामन्याआधी दोन्ही बाजूंना तोच सूर देऊन, मंडपाच्या मध्यात उभे राहून, मोबाइलवरच्या ध्वनिमापकाने दोन आकडे घ्या आणि दोन्ही मंडळांच्या एकेका माणसाला दाखवा. मोबाइलचा आकडा प्रमाणित नसतो, पण तुलनेला एकच मोबाइल वापरला तर तो पुरतो.

बोर्ड किती जुळावेत याची मर्यादाही ठरवून टाका. 1 टक्का फरकाचे मेटल फिल्म रेझिस्टर घेतले, तर गेनमधला फरक वाईटात वाईट 0.2 डेसिबलच्या आत राहतो. माझ्या मते अर्ध्या डेसिबलपर्यंतचा फरक, म्हणजे 8 व्होल्टला साडेसात ते साडेआठ, मान्य करावा आणि त्याच्या मागे लागू नये. कानाला तो भजनाच्या गजरात कळणार नाही. मोजलेला गेन आणि तारीख एका कागदावर लिहून पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवा, आणि ज्या मंडळांना दोन सेट हवेत त्यांना सर्वांत जवळच्या आकड्यांची जोडी द्या.

भाच्याविषयीचा तुमचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो तुम्ही मोजमापाच्या आधी विचारला आहे. त्याने तीन बोर्ड भरले आणि त्यांपैकी चौथा तुमच्या बोर्डांइतकाच चोख आहे. पाचव्याचा दोष माझ्या अंदाजाप्रमाणे पॉटचा निघाला, तर तो पॉट कोणत्या पाकिटातून आला आणि ते पाकीट त्याच्या हातात कोणी दिले, हेही बघावे लागेल. सहाव्यात रेझिस्टरांची अदलाबदल निघाली, तर ती त्याची चूक आहे, पण ती सोल्डरिंगच्या सफाईची चूक नाही, वाचण्याची आहे, आणि तिचा उपाय वेगळा आहे. पट्ट्या वाचून रेझिस्टर बसवण्याची पद्धत त्याच्यापुरती बंद करा. प्रत्येक रेझिस्टर आधी मीटरवर मोजायचा आणि मगच पाय वाकवायचे. एका बोर्डाचे सगळे पार्ट वेगवेगळे काढून ठेवण्याऐवजी सहाही बोर्डांत एकाच मूल्याचा रेझिस्टर ओळीने बसवायचा, म्हणजे 22 किलोओहमचे रेझिस्टर संपेपर्यंत 10 किलोओहमचे टेबलावर येतच नाहीत. लाल आणि तपकिरी त्याला नेहमीच सारखे दिसतात का, हेही एकदा सहज विचारा. पुरुषांमध्ये रंगांची अशी गफलत दुर्मीळ नसते आणि अनेकांना ती स्वतःला माहीतच नसते. तसे असेल तरी मीटरवर मोजून काम करणाऱ्याला ती आड येत नाही. मात्र सहावा बोर्ड तपासताना त्याला शेजारी बसवा आणि रेझिस्टर त्यालाच मोजू द्या. तुम्ही आधी मोजून, चूक सापडल्यावर त्याला बोलावलेत, तर तो रेझिस्टरपेक्षा तुमचा चेहराच जास्त वाचेल.

सहाव्या बोर्डावरचा तो रेझिस्टर 22 किलोओहमचाच निघाला, तर पुढे 680 ओहमचा मोजा आणि त्याच्या बरोबरचा 22 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलून पाहा. तो सुकला असेल तर आधी जाड सूर उतरतात, म्हणून 50 हर्ट्झ आणि 1000 हर्ट्झ अशा दोन सुरांवर सहावा बोर्ड पहिल्याच्या तुलनेत किती पडतो हे पाहावे लागेल. दहाव्या पायावरचे, म्हणजे म्यूटचे, व्होल्टेज साडेतीनच्या वर आहे का, तेही मोजा, कारण ते अधांतरी राहिले तर आवाज पूर्ण बंद न होता दबून येऊ शकतो. हे चार आकडे पहिल्या आणि सहाव्या बोर्डाचे शेजारी-शेजारी लिहून पाठवलेत, तर पुढचे उत्तर मी याहून पुष्कळ थोडक्यात देऊ शकेन.